फळ्यावरचे गणित, पडद्यावरचे गणिती

गणितातील किंवा विज्ञानातील असामान्य बुद्धीच्या माणसांवरचे चित्रपट गेल्या पंचवीस-तीस वर्षांत इतके झाले, की त्यांची एक स्वतंत्र जात मानायला हरकत नाही. ‘गुड विल हंटिंग’ (१९९७), ‘अ ब्युटिफुल माइंड’ (२००१), ‘द इमिटेशन गेम’ (२०१४), ‘द मॅन हू न्यू इन्फिनिटी’ (२०१५), आणि आपल्याकडे ‘सुपर ३०’ (२०१९) व ‘शकुंतला देवी’ (२०२०) ही नावे सहज आठवतात. हे चित्रपट पाहताना एक अडचण वारंवार जाणवते. प्रज्ञा हा ज्या कथेचा विषय, तिच्यात प्रज्ञाच दिसत नाही. दिसतात ते तिचे परिणाम: काचेवर भराभर उमटणारी समीकरणे, थक्क झालेल्या प्राध्यापकांचे चेहरे, आजार, एकाकीपण, उपहास, आणि शेवटी टाळ्यांचा कडकडाट.

याला दिग्दर्शकांचा आळस म्हणता येणार नाही. विचार करणारा माणूस बाहेरून पाहिला तर नुसता बसलेला असतो. गाणारा गातो, चित्रकार रंग लावतो. गणिती मात्र खिडकीबाहेर पाहत राहतो आणि त्याच वेळी त्याचे सर्वांत मोठे काम चाललेले असते. हे दाखवायचे कसे? म्हणून चित्रपट वळसा घेतो. जॉन नॅश यांना आजारात प्रत्यक्षात आवाज ऐकू येत असत. पडद्यावर त्या आवाजांची हाडामांसाची माणसे झाली. प्रिन्स्टनमध्ये सहकाऱ्यांनी आपली पेने नॅशपुढे ठेवण्याचा प्रसंग तर सर्वस्वी चित्रपटाचा. शकुंतला देवींनी १९८० साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात तेरा आकडी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत तोंडी केला होता. त्यांच्यावरच्या चित्रपटाने कथेचा कणा म्हणून निवडले ते आई-मुलीचे भांडण. बुद्धीला कथानक नसते आणि भांडणाला असते, असा या निवडीचा अर्थ.

हा प्रश्न आम्हांला प्रिन्स्टन-केंब्रिजपेक्षा जवळच्या एका किनाऱ्यावरून विचारून पाहायचा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्याच्या उत्तर टोकाला केळशी हे गाव आहे. तिथून किनाऱ्याने दक्षिणेकडे निघाले की उटंबर, आडे, पाडले करीत आंजर्ले येते. आंजर्ल्याला लागून मुर्डी. खाडी ओलांडली की हर्णै आणि त्यापलीकडे मुरुड. नारळी-पोफळीच्या या अरुंद पट्ट्याने, केळशी ते मुरुड एवढ्याच टापूने, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गणिताचे तीन प्राध्यापक महाराष्ट्राला दिले. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मुर्डीचे, धोंडो केशव कर्वे मुरुडात वाढलेले, आणि त्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे मुरुडातच जन्मलेले. तिघे एकमेकांच्या नात्यातले आणि तिघेही पोटापाण्यासाठी वर्गात गणित शिकवणारे.

यांतील दोघे आपल्या रंगभूमीवर आणि पडद्यावर पोहोचले. धोंडो केशवांच्या जीवनावरून वसंत कानेटकरांनी ‘हिमालयाची सावली’ (१९७२) हे नाटक लिहिले. रघुनाथ धोंडो यांच्यावर अमोल पालेकरांनी ‘ध्यासपर्व’ (२००१) हा चित्रपट काढला. त्यात किशोर कदम र. धों.च्या आणि सीमा बिस्वास मालतीबाईंच्या भूमिकेत आहेत. पण ज्याला ‘प्रज्ञावंत गणिती’ हे विशेषण सर्वांत आधी लागावे, त्या रँग्लर परांजप्यांवर एखादा कथापट आमच्या पाहण्यात नाही. हा केवळ योगायोग असावा असे आम्हांला वाटत नाही.

वरवर पाहता परांजप्यांचे आयुष्य पडद्यासाठीच घडल्यासारखे आहे. १८७६ मध्ये मुर्डीसारख्या खेड्यात जन्म, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण आणि १८९६ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात प्रवेश. केंब्रिजची गणिताची ट्रायपॉस ही त्या काळातील सर्वांत धास्तीची परीक्षा. प्रथम वर्गात येणाऱ्यांना ‘रँग्लर’ म्हणत आणि त्यांतल्या पहिल्याला ‘सीनियर रँग्लर’. यादी सेनेट हाउसमध्ये जाहीरपणे, पहिल्यापासून क्रमाने वाचली जाई. या परीक्षेत लॉर्ड केल्व्हिन आणि मॅक्सवेल यांच्यासारखेही दुसरे आले होते. १८९० मध्ये न्यूनॅम कॉलेजच्या फिलिपा फॉसेट यांचे गुण सीनियर रँग्लरपेक्षा अधिक भरले. पण स्त्रियांना पदवीच मिळत नसल्यामुळे त्यांचे नाव ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असे वेगळे वाचावे लागले. १८९९ मध्ये त्याच सभागृहात यादीच्या माथ्यावर दोन नावे बरोबरीने वाचली गेली. त्यांतले एक जॉर्ज बर्टविसल यांचे होते आणि दुसरे मुर्डीच्या परांजप्यांचे. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

यापेक्षा नाट्यमय दृश्य कोणत्या पटकथाकाराला हवे? परंतु गाठ बसते ती या दृश्यानंतर. परांजपे परतले आणि १९०२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदाने दरमहा पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे शिकवायचे, असा तेव्हाचा नियम. केंब्रिजच्या मानकऱ्याला याहून कितीतरी अधिक वेतनाच्या जागा मिळू शकल्या असत्या. त्यांनी वर्ग घेतले, कॉलेज वाढवले. १९२१ मध्ये ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले, पुढे लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू, १९४४ ते १९४७ या काळात ऑस्ट्रेलियात भारताचे हाय कमिशनर, आणि १९५६ ते १९५९ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले. या भरगच्च आयुष्यात एक गोष्ट सापडत नाही: त्यांच्या नावाने ओळखले जाणारे प्रमेय.

याच्या शेजारी श्रीनिवास रामानुजन यांना उभे केले म्हणजे चित्रपट कोणाची निवड करतो आणि का, हे उमगते. रामानुजन १९१४ मध्ये केंब्रिजला गेले, १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि १९२० मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारले. दारिद्र्य, परदेश, आजार, अकालमृत्यू, आणि सोबत गॉडफ्रे हार्डींसारखा जिवलग पण अलिप्त सहकारी. ‘द मॅन हू न्यू इन्फिनिटी’ने हे सारे घेतले, त्यात गणितालाही थोडी जागा दिली, हे मान्य केले पाहिजे. २०० ही संख्या लहान पूर्णांकांच्या बेरजेच्या रूपात किती प्रकारे मांडता येईल, याची मोजदाद मॅकमॅहन यांनी चिकाटीने हाताने केली होती, उत्तर ३,९७२,९९९,०२९,३८८. हार्डी-रामानुजन यांच्या सूत्राने या संख्येशी जुळणारे उत्तर दिले. एकीकडे कष्टाची गणना, दुसरीकडे सूत्राची झेप, आणि दोन्ही वाटांनी येणारी एकच संख्या. येथे प्रेक्षकाला निदान एकदा गणिताची खरी उत्कंठा अनुभवायला मिळते.

हार्डी स्वतः १८९८ च्या ट्रायपॉसमध्ये चौथे आले होते, म्हणजे परांजप्यांच्या एकच वर्ष आधी. पुढे त्यांनीच या परीक्षेतील क्रमवारीविरुद्ध मोहीम चालवली. ठरावीक वेळात कूट प्रश्न सोडवण्याच्या या शर्यतीने इंग्लंडचे गणित कोमेजून गेले, असे त्यांचे म्हणणे. १९०९ नंतर क्रमवार यादी बंद झाली. म्हणजे परांजपे ज्या शिखरावर पोहोचले, ते शिखर दहाच वर्षांत नकाशावरून काढून टाकले गेले. परीक्षेतील प्रज्ञा आणि शोधातील प्रज्ञा या दोन गोष्टी आहेत, हा आधुनिक निवाडा आहे. रामानुजन दुसऱ्या प्रकारचे म्हणून त्यांना चित्रपट मिळाला. परांजपे पहिल्या प्रकारचे म्हणून मिळाला नाही. असे उत्तर सोपे आहे, पण आम्हांला ते अपुरे वाटते.

कारण या किनाऱ्यावरच्या ज्या दोघांना नाटक-चित्रपट लाभला, त्यांना तो गणितासाठी लाभलेलाच नाही. धोंडो केशव कर्वे १८९१ पासून १९१४ पर्यंत फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत होते. लोकांना ते ठाऊक आहेत ते विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षण यांसाठी. र. धों. कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते; संततिनियमनाच्या उघड प्रचारापायी ती नोकरी गेली. १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि १९५३ मधील मृत्यूपर्यंत चालवले. खटले अंगावर घेतले. १९३४ मधील खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, आणि तरीही तो ते हरले. ‘ध्यासपर्व’ हा हट्ट, ही उपेक्षा, मालतीबाईंची मूक सोबत प्रामाणिकपणे दाखवतो. पण हा हट्ट एका गणित्याचा आहे, हे त्यात फारसे जाणवत नाही.

वास्तविक र. धों.चे गद्य वाचणाऱ्याला हे जाणवल्याशिवाय राहत नाही. व्याख्या आधी, गृहीत कोणते ते उघड, मग एकेक पायरी, आणि निष्कर्ष कितीही अप्रिय असला तरी तो पुसून टाकण्याची तयारी नाही. भावनेला आवाहन नाही, वाचकाची मनधरणी नाही. भूमितीतील सिद्धतेची शिस्त लैंगिक नीतीच्या चर्चेत आणणारे दुसरे मराठी गद्य आम्हांला आठवत नाही. मराठी समीक्षेने त्यांना सुधारकांच्या खात्यात जमा केले आणि शैलीचा विचार सोडून दिला. गणित त्यांच्या आयुष्यातून नोकरीबरोबर निघून गेले नव्हते. ते वाक्यरचनेत जाऊन बसले होते.

हेच सूत्र परांजप्यांच्या घरातही दिसते, आणि तेथे तर ते थेट चित्रपटापर्यंत पोहोचते. त्यांची कन्या शकुंतला परांजपे ज्या न्यूनॅममध्ये फिलिपा फॉसेट शिकल्या, त्याच कॉलेजातून १९२९ मध्ये गणिताची ट्रायपॉस पूर्ण करून आल्या. १९३७ मध्ये प्रभातच्या, व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘कुंकू’ चित्रपटात त्यांनी वृद्ध काकासाहेबांच्या सुशिक्षित मुलीची भूमिका केली. बापाने मुलीच्या वयाच्या नीराशी लग्न केलेले. ही मुलगी घरी येते आणि बापाला त्याच्या वागण्याचा अर्थ स्वच्छ शब्दांत सांगते. रँग्लरांची गणित शिकलेली मुलगी पडद्यावर आली ती फळ्यापुढे नव्हे, तर एका अन्याय्य विवाहातील विसंगती दाखवून देण्यासाठी. पुढे त्यांनी र. धों.च्याच वाटेने संततिनियमनाचे काम केले आणि १९६४ ते १९७० या काळात राज्यसभेवर नामनियुक्त सदस्य होत्या. त्यांची कन्या सई परांजपे ‘स्पर्श’, ‘चश्मेबद्दूर’, ‘कथा’ यांच्या दिग्दर्शिका. म्हणजे मुर्डीच्या या घराण्यात एक पिढी कॅमेऱ्यापुढे आली, दुसरी कॅमेऱ्यामागे गेली. ज्याच्यापासून हे सुरू झाले, तो गणिती मात्र चौकटीबाहेरच राहिला.

मग चित्रपटाला नेमके काय पेलत नाही? आमच्या मते, त्याला शोध पेलतो, वेड पेलते, बंड पेलते. शिकवण्यात खर्च झालेली प्रज्ञा पेलत नाही. शोधाला एक क्षण असतो. शिकवण्याला क्षण नसतो, वर्षे असतात. केळशीचीच एक गोष्ट येथे उपयोगी पडेल. गावाच्या किनाऱ्यावर वाळूची मोठी टेकडी आहे. डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी तिच्या थरांचा, त्यांत सापडलेल्या मानवी वस्तीच्या खुणांचा अभ्यास करून असा तर्क मांडला, की सोळाव्या शतकाच्या आरंभी या किनाऱ्यावर त्सुनामी येऊन गेली असावी; १५२४ मध्ये वास्को द गामाच्या ताफ्याला पश्चिम किनाऱ्याजवळ समुद्रकंप जाणवल्याच्या पोर्तुगीज नोंदींशी तो त्यांनी जुळवून पाहिला. हा तर्क आहे आणि तर्क म्हणूनच तो तपासत राहायला हवा. पण विज्ञान बहुतेक वेळा असेच चालते: थर मोजणे, खापरे वेचणे, जुनी नोंद शेजारी ठेवणे. पडद्यावर त्सुनामी दाखवता येते. थर मोजणारा माणूस दाखवणे अवघड.

या अवघडपणाची किंमत आपण समाज म्हणूनही मोजतो. आपल्या चरित्रवाङ्मयात गणित हे नायकाच्या हुशारीचे प्रमाणपत्र म्हणून पहिल्या दोन प्रकरणांत येते आणि ‘खरे कार्य’ सुरू झाले की निवृत्त होते. पंचाहत्तर रुपयांचा त्याग आपण गौरवाने सांगतो. पण त्या त्यागात पैशाखेरीज आणखी काही गेले का, हे विचारीत नाही. तेवीस वर्षांचा एक तरुण जगातील अवघड परीक्षेत पहिला येतो आणि उरलेले आयुष्य संस्थेला देतो. यात देशाने एक गणितज्ञ गमावला, की शेकडो विद्यार्थी मिळवले? त्या काळच्या पुण्यात संशोधनाला सोबत कोणाची होती? रामानुजनांना हार्डी भेटले; परत आलेल्या परांजप्यांना कोण भेटणार होते? ही हळहळही नव्हे आणि आरतीही नव्हे. हा प्रश्न आहे, आणि त्याला दोन्ही बाजू आहेत म्हणूनच तो नाट्याचा विषय आहे.

असा चित्रपट उद्या कोणी काढलाच, तर त्याने सेनेट हाउसमधील यादी पहिल्या पाच मिनिटांत वाचून टाकावी. नंतरचा सारा वेळ फर्ग्युसनच्या एका वर्गाला द्यावा, जिथे प्राचार्य फळ्यावर एक सिद्धता मांडीत आहेत आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाला ती पहिल्यांदाच कळते आहे.