जमातीवरचा आरोप

सोलापुरात फौजदारी वकिली करताना मला सर्वांत जास्त चीड येते ती १९५२ सालीच रद्द झालेल्या एका कायद्याची. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. एखादी जमात अजामीनपात्र गुन्ह्यांच्या आहारी गेली आहे असं मानायला सरकारला कारण दिसलं, की गव्हर्नर-जनरलच्या मंजुरीने तसं जाहीर करायचं. त्या अधिसूचनेच्या वैधतेबद्दल कोर्टाने काही विचारायचं नाही. मग वकिलाने बचाव कशाचा करायचा? ‘माझ्या अशिलाने चोरी केलेली नाही’ हे सिद्ध करूनही उपयोग शून्य, कारण त्याच्यावर चोरीचा आरोपच नाही. तो त्या घरात जन्मला, एवढंच.

टोळ्या नव्हत्या, दरोडे पडत नव्हते, असं मी म्हणणार नाही. पण दरोडेखोरासाठी १८६० च्या दंडसंहितेत ३९५ कलम होतंच की! त्यात साक्षीपुरावा लागतो, ही अडचण. टोपल्या विणणाऱ्या कैकाड्याविरुद्ध तो आणायचा कुठून?

आधी उत्तर हिंदुस्थानात असलेला हा कायदा १९११ मध्ये नव्या रूपात देशभर लागू झाला. पुढे आमच्या सोलापुरात सेटलमेंट उभी राहिली. तारेचं कुंपण, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर पडायला पास, बोटांचे ठसे. माणसं गिरणीत कामाला जायची आणि पाळी संपली की परत तारेच्या आत. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार वर्षांच्या पोरालाही आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवायची सोय केली होती. चार वर्षांच्या पोराला कसली सुधारणा हवी होती, हे मसुदा लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. त्यात निदान माणसाची स्वतःची शिक्षा तरी बघतात. कागदावर हा फरक फार मोठा आहे.

परवा रिमांडला एक पारधी पोरगा उभा होता. मी तपास अधिकाऱ्याला विचारलं, ‘याच्याकडून काय हस्तगत केलंत?’

‘अजून काही नाही, साहेब. पण वस्ती माहितीय ना तुम्हाला?’

मॅजिस्ट्रेटने जामीन दिला. जामीनदार मात्र लवकर मिळेना. ज्यांना विचारलं त्यांनीही आधी वस्तीच विचारली.