न्यूरेंबर्ग वाहतूक संग्रहालय

न्यूरेंबर्ग वाहतूक संग्रहालय : जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातील न्यूरेंबर्ग शहरी, लेसिंगश्ट्रासे या रस्त्यावर असलेले रेल्वे व दळणवळण यांच्या इतिहासाचे संग्रहालय. त्या देशातील रेल्वेसंग्रहालयांत हे सर्वांत जुने. बव्हेरियाच्या राजसरकारने १८९९ मध्ये ते केवळ रेल्वेपुरते उघडले. १९०२ पासून त्यास टपालाचा विभाग जोडला गेला, आणि पहिले महायुद्ध आडवे आल्यामुळे रखडलेली सध्याची इमारत १९२५ मध्ये खुली झाली. आज या एकाच छपराखाली दोन बिऱ्हाडे नांदतात : रेल्वेचा भाग जर्मन रेल्वे कंपनीच्या प्रतिष्ठानाकडे आहे, तर दळणवळणाचा भाग टपाल व दूरसंचाराच्या स्वतंत्र प्रतिष्ठानाकडे.

संग्रहालयास हे शहर लाभले ते योग्यच झाले. ७ डिसेंबर १८३५ रोजी न्यूरेंबर्ग ते फ्युर्ट हे सुमारे सहा किलोमीटरांचे अंतर लुडविग रेल्वे कंपनीच्या ‘आडलर’, म्हणजे गरुड, या एंजिनाने तोडले आणि जर्मन मुलखात वाफेच्या आगगाडीचा प्रारंभ झाला. बोरीबंदराहून ठाण्यास गाडी सुटावयास तेव्हा सतरा वर्षांहून अधिक अवकाश होता. एंजिन न्यूकॅसलच्या स्टीव्हन्सन कारखान्यातून सुटे करून पेट्यांत भरून आणलेले. चालक विल्यम विल्सन हाही इंग्रजच, आणि त्याचा पगार खुद्द संचालकाहून अधिक होता असे सांगतात. तथापि, कोळसा दुरून आणावा लागून इतका महाग पडे, की पुढे कित्येक वर्षे रोजच्या बहुतेक फेऱ्या घोडेच ओढीत. अशा या आद्य यंत्राची, ते जीर्ण होताच, कंपनीने भंगाराच्या भावाने वासलात लावली. आज प्रेक्षक ज्याच्यापुढे गर्दी करतात तो आडलर १९३५ च्या शताब्दीसाठी घडविलेली प्रतिकृती असून तीही २००५ मध्ये एंजिनघराला लागलेल्या आगीत होरपळली व २००७ मध्ये पुन्हा उभी करण्यात आली.

अस्सल वस्तू पाहावयाची असेल, तर लुडविग रेल्वेचा आठ क्रमांकाचा डबा पाहावा. घोडागाडीचे तीन सांगाडे एका चौकटीवर ओळीने बसवावेत, तसे त्याचे रूप आहे : प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र दार, एकातून दुसऱ्यात जाण्यास वाट नाही. आगगाडी निघाली तरी सुताराचा हात अद्याप बग्गीच घडवीत होता. माझ्या मते संग्रहालयातील सर्वांत बोलका जिन्नस हाच. परंतु बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविग राजाचा निळा, सोन्याने मढविलेला व माथ्यावर मुकुट मिरविणारा सलून जवळच असल्यामुळे लोकांचे डोळे तिकडेच जातात. १८५३ चे ‘नॉर्डगाउ’ एंजिन उभे कापून ठेवलेले असल्याने बाष्पक व त्यातील नळ्या उघड्या दिसतात. १९०७ मध्ये ताशी १५४.५ किलोमीटर वेग गाठणारे एस २/६ हे तांबूस एंजिनही येथेच आहे. तशा जातीचे ते एकच बांधले गेले.

नाझी अंमलात जर्मन रेल्वेने लक्षावधी माणसे मृत्युछावण्यांकडे वाहून नेली, हा इतिहासही येथील कायम प्रदर्शनात मांडलेला आहे.

दळणवळणाच्या दालनांत टपालाच्या घोडागाड्या, तारायंत्रे व दूरध्वनी आहेत. मांडणी मात्र कालक्रमाने नसून ध्वनी, चित्र, लिपी व संगणकीय संदेश अशी केलेली आहे. संग्रहालयाची एक शाखा कोब्लेंत्स येथे आहे.