निळी रेषा आणि प्रतबुक : चिखलीच्या नदीकाठाचे दोन थर

१७ मे २०२५ रोजी पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने चिखली येथील इंद्रायणीकाठचे ३६ बंगले पाडले. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०२४ मध्ये तसा आदेश दिला होता आणि सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला. कारण एका ओळीत सांगता येते : बंगले निळ्या पूररेषेच्या आत होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र येथूनच पुढचा प्रश्न पडतो. ही जमीन पुराची आहे, हे यापूर्वी कोणी, केव्हा, कोणत्या कागदावर लिहून ठेवले होते काय? आजचा धागा या प्रश्नाविषयी, आणि त्याच्या उत्तराकडे नेणाऱ्या साधनाविषयी आहे : भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजेच जीआयएस.

आधी निळी रेषा समजून घेऊ. सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जेथवर पोहोचते ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा बांधकामास निषिद्ध मानला जातो. ‘२५ वर्षांतून एकदा’ या शब्दांनी पुष्कळांची फसगत होते. एकदा पूर येऊन गेला की पुढची चोवीस वर्षे निर्धास्त, असा त्याचा अर्थ नाही. दर वर्षी चार टक्के शक्यता, एवढाच तो अर्थ. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत किमान एकदा असे पाणी येण्याची शक्यता मग सुमारे ५६ टक्के भरते.

आता जीआयएस. १९६०च्या दशकात कॅनडाच्या विस्तीर्ण भूमीची मोजदाद करताना रॉजर टॉमलिन्सन यांनी ही पद्धत संगणकावर आणली. कल्पना साधी आहे. प्रत्येक नोंदीला अक्षांश-रेखांशांचा पत्ता द्यायचा आणि प्रत्येक विषयाची माहिती स्वतंत्र पारदर्शक थर म्हणून एकावर एक ठेवायची. जलतज्ज्ञाची पूररेषा, मृदातज्ज्ञाचा नकाशा, पुरातत्त्वज्ञाची स्थळे, इतिहासकाराचे कागद, सगळे एकाच भूमीवर येतात. एरवी ही माणसे एकमेकांचे ग्रंथ क्वचितच वाचतात. येथे त्यांच्या पुराव्यांना एकमेकांसमोर उभे राहावेच लागते.

संगणकाविना हे काम आपल्याच परिसरात एका गणितज्ञाने केले होते. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी तुडवीत. सूक्ष्म दगडी हत्यारे कोठे सापडतात, देवीची ठाणी कोठे आहेत, लेण्यांपाशी जाणाऱ्या जुन्या वाटा कोणत्या, या तीन गोष्टी त्यांनी एकत्र पाहिल्या. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या ग्रंथात त्यांनी मांडले, की मातृदेवतांची अनेक ठाणी जुन्या वाटांच्या मिलनस्थानी आहेत आणि या वाटा मुळात हंगामी स्थलांतराच्या असाव्यात. आज आपण त्याला तीन थरांचे विश्लेषण म्हणू. कोसंबींचे सगळेच निष्कर्ष मान्य व्हावेत असे नाही, पण प्रश्न विचारण्याची त्यांची रीत अजून जुनी झालेली नाही.

चिखलीकडे वळू. कुरवंड्याजवळ उगम पावून इंद्रायणी देहू, चिखली, मोशी, आळंदी असा प्रवास करीत तुळापूरला भीमेस मिळते. या काठाच्या जुन्या नोंदी शोधू लागलो की पहिली अडचण नावाचीच. चिखली नावाची गावे महाराष्ट्रात अनेक. बुलढाणा जिल्ह्यातील चिखली तर तालुक्याचे ठिकाण. मोडी कागदात ‘मौजे चिखली’ दिसले, तर तर्फ, परगणा आणि प्रांत वाचल्याखेरीज तो कागद नकाशावर ठेवता येत नाही. शिवाय तर्फांच्या सीमा काळानुसार बदलत. चीनच्या ऐतिहासिक जीआयएस प्रकल्पाने म्हणूनच प्रत्येक स्थळनामाला काळाची मर्यादा जोडली : हे नाव, या जागी, या वर्षापासून या वर्षापर्यंत. मराठी मुलुखासाठी अशी समग्र स्थळनामसूची ही आपल्या पिढीपुढची मोठी उणीव आहे, असे माझे मत. (नावातच चिखल ऐकू येतो, म्हणून लगेच पुराचा पुरावा मिळाला असे कोणी मानू नये!)

दुसरी अडचण मापांची. शिवकाळात जमीन काठीने मोजत. पाच हात पाच मुठी म्हणजे एक काठी, वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, १२० बिघ्यांचा एक चावर. शेताची हद्द नकाशाने दाखवण्याऐवजी चतुःसीमेने सांगितली जाई : पूर्वेस अमुकाचे शेत, पश्चिमेस ओढा, उत्तरेस नदी. ओढा सरकला की हद्दही सरकली. असा कागद संगणकावर नेमक्या रेषेत उतरवणे म्हणजे कागदाने न सांगितलेले त्याच्या तोंडी घालणे होय. तेथे रेषेऐवजी ‘साधारण एवढ्या भागात’ असा पट्टा काढणेच प्रामाणिकपणाचे.

इंग्रजी अमलात मात्र चित्र पालटते. पुणे जिल्ह्यात प्रिंगल यांची पहिली मोजणी फसली. मग १८३५ पासून इंदापुरातून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पद्धत सुरू केली. ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आज चिखलीत कोणी ‘दोन गुंठ्यांचा प्लॉट’ म्हणतो, तेव्हा तो याच साखळीच्या भाषेत बोलत असतो. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, हद्दीवर दगड बसले, टिपण तयार झाले.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती प्रतबंदी. सारा ठरवण्यासाठी शेताचे लहान भाग पाडून प्रत्येक भागाच्या मातीची खोली आणि प्रत पाहत. सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत अशा नऊ प्रती. त्यानंतर दोष नोंदवत : चुनखडीचे खडे, वाळू, उतार, पाणी न झिरपणे, आणि वाहत्या पाण्याखाली जमीन जाण्याचा संभव. प्रत्येक दोषाला खूण ठरलेली, आणि दर दोषामागे प्रत एक पायरी खाली.

थोडे थांबून याचा अर्थ पाहावा. एकोणिसाव्या शतकातला मोजणीदार शेताशेतांत फिरून विचारत होता, की येथे पाणी चढते काय? नदीकाठच्या माणसाची त्याला काळजी होती असे नव्हे. सारा किती बसवायचा हे त्यावर अवलंबून होते. पण नोंद झाली, तीही सर्व्हे नंबरच्या आतल्या लहानशा तुकड्यापर्यंत. नकाशा एका बस्त्यात आणि प्रतबुक दुसऱ्यात राहिले, म्हणून दोन्ही एकत्र वाचण्याचा प्रसंग क्वचितच आला. जीआयएसमध्ये हे जोडकाम अवघड नाही. गावनकाशाचा थर घ्यावा, सर्व्हे नंबर हा दुवा मानून प्रतबुकातला दोष त्याला जोडावा आणि वर निळी रेषा ठेवावी. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. खरे कष्ट मोडी वाचण्याचे आणि भूमी अभिलेख कार्यालयात चिकाटीने बसण्याचे.

वाटेत खड्डे आहेतच. भारतातील जुने स्थलदर्शक नकाशे पृथ्वीच्या एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये ठरवलेल्या आकारमानावर आधारलेले, तर आपल्या मोबाइलमधील जीपीएस वेगळ्या आकारमानावर. रूपांतर न करता एक थर दुसऱ्यावर ठेवला, तर पुण्याच्या परिसरात शंभर मीटरहून अधिक फरक पडतो. पूररेषेच्या वादात शंभर मीटर म्हणजे सबंध वसाहत. गावनकाशांवर तर अक्षांश-रेखांशच नसतात. हद्दीचे दगड, मंदिर, जुना पूल यांच्या आधारे ते बसवावे लागतात. पुढे १९४७च्या एकत्रीकरण कायद्याने अनेक गावांत सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. १९९७ साली चिखली महानगरपालिकेत आल्यावर शेतांचे भूखंड होण्याचा वेग वाढला. प्रत्येक टप्प्यावर जुना क्रमांक आणि नवा क्रमांक यांची सांगड घालावी लागते, आणि ती चुकली तर पूर भलत्याच्याच दारात जातो.

नदीही तीच राहिलेली नाही. लोणावळ्याजवळच्या टाटांच्या जलविद्युत योजनेने १९१५ पासून उगमाकडचे काही पाणी घाटाखाली खोपोलीला वळवले. उलट डांबर आणि सिमेंटने झाकलेल्या जमिनीवरून पावसाचे पाणी आता झपाट्याने नदीत उतरते. शिवाय प्रतबुक हे वसुलीचे हत्यार होते. दोष नोंदवला तर सारा घटे. त्यामुळे शेतकऱ्याला तो दाखवण्यात रस आणि सरकारला तो कमी मानण्यात. ‘दोष नाही’ याचा अर्थ ‘पाणी आले नाही’ असा घेता येणार नाही. दोष नोंदला असेल, तर मात्र सरकारने स्वतःचे उत्पन्न कमी करून ती नोंद मान्य केली होती, हे विसरू नये. अशा नोंदीचे वजन मी अधिक मानतो.

म्हणून कोणाला या विषयावर लघुप्रबंध लिहायचा असेल, तर तळवडे, चिखली, मोशी, चऱ्होली या एकाच काठावरच्या गावांपासून आरंभ करावा. दोन्ही थर जुळतात ती शेते बाजूला ठेवावीत. प्रतबुकात पाण्याचा दोष आहे आणि आजची निळी रेषा मात्र अलीकडेच थांबते, असे तुकडे आधी शोधावेत. त्यांची यादी घेऊन पावसाळ्यापूर्वी त्या काठावर जावे आणि गावातल्या वयोवृद्धांना विचारावे, की त्यांच्या आठवणीत पाणी कोठल्या झाडापर्यंत आले होते.