जुन्या मोटारीचे मोल कोण ठरविणार?

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यान्वये ब्रिटिश हिंदुस्थानात १ जुलै १९४६ पासून त्रयस्थांच्या हानीचा विमा सक्तीचा झाला. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती. तो कायदा तेथवर पोहोचत नव्हता. आज एमएच-३८ क्रमांकाच्या गाडीलाही हा विमा अनिवार्य आहे.

परंतु हा विमा दुसऱ्याची हानी भरून देतो, आपल्या गाडीची नव्हे. तिच्यासाठी ‘घोषित मूल्य’ लागते. २००२ च्या दरपत्रकातील घसाऱ्याचा तक्ता पाच वर्षांवर संपतो. पुढचे मूल्य मालक व कंपनीने संमतीने ठरवायचे.

म्हणून आजोबांची मोटार जपणाऱ्याने हप्त्याच्या स्वस्ताईआधी हा आकडा पाहावा. गाडी चोरीस गेली वा जळाली, तर भरपाईची मर्यादा तोच ठरवितो. आठवणींचे मोल त्यात धरलेले नसते.