नाकारणाऱ्या आणि नाकारलेल्या

स्त्रियांच्या हक्कांचा विषय निघाला की आपल्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आमचा स्त्रियांच्या न्याय्य हक्कांना मुळीच विरोध नाही, पण त्या जहाल बायकांशी आमचा काही संबंध नाही.’ धर्मग्रामातील महिला मंडळाच्या सभेतही हे वाक्य उच्चारले जाते, आणि उच्चारणारीचा हेतू बहुधा चांगलाच असतो. चार टोकाच्या व्यक्तींमुळे चांगल्या कार्याला बट्टा लागू नये, एवढेच तिला म्हणायचे असते. परंतु हे वाक्य नवे नाही. त्याला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो इतिहास नीट वाचला तर या वाक्याची किंमत कोणी मोजली हे कळून येते.

जानेवारी १८९६ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय स्त्री-मताधिकार संघटनेचे अधिवेशन वॉशिंग्टन येथे भरले होते. संघटनेपुढे प्रश्न होता तो एका ग्रंथाचा. त्याच्या आदल्याच वर्षी, १८९५ मध्ये, एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी ‘द वुमन्स बायबल’चा पहिला भाग प्रसिद्ध केला होता. बायबलमधील स्त्रीविषयक उताऱ्यांवर त्यांनी आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी केलेली ती टीका होती. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात नर आणि नारी दोघेही देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाली, यावर स्टँटनबाईंनी बोट ठेवले होते. परंतु स्त्रीला दुय्यम ठरविणारी वचने देवाची नसून पुरुषांचीच आहेत, असेही त्यांनी बेधडक लिहिले होते. पुस्तकाच्या आवृत्त्या निघाल्या आणि व्यासपीठाव्यासपीठांवरून निषेधही झाला.

या स्टँटनबाई कोणी उपऱ्या नव्हत्या. १८४८ च्या जुलै महिन्यात सेनेका फॉल्स येथील एका प्रार्थनामंदिरात जी पहिली स्त्री-हक्क परिषद भरली, तिचा जाहीरनामा मुख्यत्वे त्यांच्याच लेखणीतून उतरला होता. स्त्रियांना मताचा अधिकार हवा ही मागणी त्यांनीच तेथे पुढे रेटली. १८९० मध्ये दोन संघटना एक होऊन ही राष्ट्रीय संघटना झाली, तिच्या पहिल्या अध्यक्षही त्याच. १८९६ मध्ये त्यांचे वय ऐंशी होते. आणि त्याच वर्षी त्यांच्या संघटनेने ठराव केला की, ही संघटना कोणत्याही पंथाची नाही आणि तथाकथित ‘वुमन्स बायबल’शी तिचा काहीही अधिकृत संबंध नाही. ठरावाच्या बाजूने ५३ मते पडली, विरोधात ४१.

ठराव आणणाऱ्यांची बाजू आपण समजून घेतली पाहिजे. चळवळीत येणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया चर्चला जाणाऱ्या होत्या. मताधिकार मागणारी बाई नास्तिक असते, असा प्रचार विरोधक करीतच होते. तेव्हा ‘आमचे कार्य वेगळे, हे पुस्तक वेगळे’ असे सांगणे व्यवहाराला धरून होते. आम्ही त्या सभागृहात असतो तर कदाचित आमचाही हात ठरावाच्या बाजूने वर गेला असता.

परंतु अध्यक्षस्थानी सुझन अँथनी होत्या. स्टँटनबाईंच्या त्या पंचेचाळीस वर्षांच्या मैत्रीण. हे पुस्तक लिहिण्याच्या उद्योगात अँथनीबाई स्वतः सामील झाल्या नव्हत्या. तरीही अध्यक्षांची खुर्ची सोडून त्या ठरावाविरुद्ध बोलल्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मर्यादेची रेषा ओढणार कोण? सेनेका फॉल्सला मताधिकाराची मागणी झाली तेव्हा ल्युक्रेशिया मॉट यांनाही ती चळवळीचे नुकसान करणारी वाटली होती. पण त्यांनी मागणीच्या निषेधाचा ठराव आणला नाही. १८६० मध्ये दारूबाज नवऱ्यापासून घटस्फोट मिळावा असे स्टँटन बोलल्या, तेव्हाही सर्व बुडाले अशी ओरड झाली होती. आज तुम्ही हिला दूर लोटता, उद्या मला लोटाल. सर्व श्रद्धांच्या आणि श्रद्धा नसलेल्यांच्याही स्त्रियांना जेथे जागा नाही, त्या व्यासपीठावर मी उभी राहू शकत नाही. तरीही ठराव संमत झाला. स्टँटनबाईंनी त्यांना राजीनामा देण्याचा आग्रह केला. अँथनीबाईंनी तो दिला नाही.

यातून मिळाले काय? त्याच वर्षी आयडाहो राज्याने स्त्रियांना मताधिकार दिला. त्यानंतर मात्र १९१० पर्यंत एकाही नव्या राज्याने तो दिला नाही. याला केवळ तो ठराव कारण होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु एका म्हातारीला बाजूला सारल्याने विरोधकांची दारे उघडली नाहीत, एवढे निश्चित.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. स्टँटनबाईंचे खरोखर निषेधार्ह असे काही होते का? होते. गुलामगिरी संपल्यावर कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार देण्याचा प्रश्न आला, तेव्हा आपल्या आधी त्यांना मत मिळणार या संतापात त्यांनी कृष्णवर्णीयांविषयी आणि परदेशांतून आलेल्या गरीब मजुरांविषयी अत्यंत तुच्छतेने लिहिले व भाषणे केली. त्या मजुरांत आयरिश लोक होते, म्हणजे बव्हंशी आपलेच कॅथलिक बांधव. १८९६ च्या ठरावात या तुच्छतेविषयी एक अक्षर नाही. उलट १८९५ मध्ये अटलांटाला अधिवेशन भरले, तेव्हा दक्षिणेतील गोऱ्या स्त्रिया दुखावू नयेत म्हणून, सेनेका फॉल्सला मताधिकाराच्या मागणीची पाठराखण करणाऱ्या फ्रेडरिक डग्लस या कृष्णवर्णीय नेत्याला तेथे येऊ नका, असे अँथनीबाईंनीच सांगितले. नाकारण्याचे शस्त्र असे चालते. ते चुकीवर पडत नाही; जेथे गैरसोय होते तेथे पडते.

मग चुकीला चूक म्हणायचेच नाही काय? याचे उत्तर त्या डग्लस यांनीच १८६९ मध्ये दिले होते. भर सभेत ते म्हणाले की, स्त्री-हक्कांच्या कार्यात स्टँटन यांच्याहून थोर नाव नाही; आणि त्याच दमात, आपल्या लोकांविषयी त्यांनी वापरलेल्या शब्दांवर त्यांनी स्पष्ट आक्षेप घेतला. मतभेद राखला, ऋणही मान्य केले, आणि पुढे मैत्रीही टिकवली.

आता थोडे घराकडे पाहू. १८८८ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय स्त्री परिषदेत स्टँटन आणि अँथनी यांच्याबरोबर आपल्या पंडिता रमाबाईही बोलल्या होत्या. मायदेशी परतून १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढे ते पुण्यास नेले. रमाबाई ख्रिस्ती होत्या, हे सर्वांना ठाऊक होते. त्यांच्या प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे असे, आणि काही मुली तेथे जाऊन बसत. १८९३ मध्ये त्यावरून वादळ उठले. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारख्या सुधारकांनी सदनाशी असलेला संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पुण्यात बायबल उघडे ठेवले म्हणून एक नाकारली गेली. वॉशिंग्टनमध्ये बायबलवर टीका केली म्हणून दुसरी. सुधारकांची भीती खोटी नव्हती. रमाबाईंच्या सान्निध्यात मुली ख्रिस्ती होत होत्या. तरीही शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक, बालविधवा गोदूबाई, यांनी त्याच १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी विवाह केला, आणि १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. नाकारलेल्या बाईने पेटवलेली समई दुसऱ्यांच्या घरात उजेड देत राहिली.

आणखी एक नाव सांगतो, कारण ते आपल्या श्रद्धेतले आहे. ल्यूसी बर्न्स ही ब्रुकलिनच्या आयरिश कॅथलिक घरातील मुलगी. १९१७ मध्ये तिने आणि ॲलिस पॉल यांच्या अनुयायांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासासमोर फलक धरून निदर्शने सुरू केली. मोठ्या संघटनेने लगेच जाहीर केले की, या बायकांशी आमचा संबंध नाही. त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरच्या रात्री तुरुंगात ल्यूसीचे हात डोक्यावर कोठडीच्या गजांना बांधून ठेवले होते. तिने अन्नत्याग केला, तेव्हा नळीने बळेच अन्न कोंबण्यात आले. १९२० मध्ये मताधिकार मिळाला. इतिहासाने शांत मार्गाने काम करणाऱ्यांनाही श्रेय दिले आणि तुरुंगात गेलेल्यांनाही. ल्यूसीने पुढचे आयुष्य पोरक्या भाचीचे संगोपन आणि ख्रिस्तसभेचे कार्य यांत घालवले.

‘वुमन्स बायबल’मधील अनेक विधाने आम्हांला मान्य नाहीत, पवित्र शास्त्र देवाचे प्रकटीकरण आहे ही आमची श्रद्धा आहे. परंतु पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ च्या आपल्या पत्रात स्त्रीची प्रतिष्ठा त्याच उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायावर उभी केली, आणि १९९५ मध्ये स्त्रियांना लिहिलेल्या पत्रात, ख्रिस्तसभेच्या अनेक मुलांकडूनही स्त्रियांवर अन्याय झाला याबद्दल मनापासून खेद व्यक्त केला. जो प्रश्न एका बंडखोर म्हातारीने कर्कश आवाजात विचारला होता, त्याचा विचार करण्याची गरज ख्रिस्तसभेलाही वाटली. तिचे उत्तर चुकले असेल. प्रश्न चुकला नव्हता.

म्हणून आमचे मत असे की, चळवळीतील स्त्रियांनी आपल्यातील जहाल व्यक्तींच्या मतांशी असहमती मोकळेपणाने सांगावी, आणि जेथे कोणाचा अपमान किंवा अन्याय होतो तेथे तर आधी आपल्याच माणसाला खडसवावे. पण ‘तिला मी ओळखत नाही’ असे म्हणू नये. अंगणातील शेकोटीपाशी ऊब घेत पेत्राने तेच म्हटले होते. कोंबडा आरवल्यावर त्याला रडू कोसळले, हे त्याचे भाग्य. कित्येकांना कोंबड्याची बांगसुद्धा ऐकू येत नाही.