वाफ्याची कड

शाळेच्या सहलीत आपण सर्वांनी बीबी का मकबरा पाहिला, तो मान वर करून. घुमट, मिनार, जाळ्या. या लेखात मात्र नजर खाली, बागेकडे वळवायची आहे.

औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम १६५७ साली याच शहरात वारली. तिचा मकबरा उभारणाऱ्या वास्तुविशारद अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय यांची नावे मुख्य दरवाजावर कोरलेली आहेत. अभियंत्याचे नाव दारावर, हे आम्हा अभियंत्यांना सुखावणारेच. पण बागेचे दगड बसवणाऱ्या पाथरवटांची नावे तिथे नाहीत. खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे झाल्याची नोंद सांगतात. हात आखडता असल्याने जयपूरकडचा संगमरवर मोजक्याच ठिकाणी लागला. बाकी काम आपल्याकडच्या काळ्या दगडाने आणि चुन्याच्या गिलाव्याने निभावले.

आवार सुमारे ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद. त्यात चारबाग, म्हणजे वाटांनी आणि पाण्याच्या पाटांनी चार भागांत विभागलेली बाग. चारबागेत वाटा उंच आणि वाफे खोलगट असतात. पाणी सोडले की वाफा भिजतो, वाट कोरडी राहते. या दोहोंमध्ये उभी असते ती दगडाची कड. ती माती धरते आणि पाणीही अडवते. मलिक अंबरने ज्या शहरासाठी जमिनीखालून नहर आणली, तिथे पाणी वाया घालवणे परवडणारे नव्हते.

आपल्या शाळेत प्रत्येक वर्गाचा वाफा होता. त्याला तिरप्या विटांची, चुना आणि गेरू लावलेली कड होती. आता मेळाव्याच्या निधीतून तिथे सिमेंटची कड घालावी, अशी सूचना आली आहे. माझे मत वेगळे आहे. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर सिमेंटची सलग कड तडकते. सुटे घडीव दगड मातीबरोबर थोडे हलतात आणि पुन्हा बसवता येतात. चर खणावा, तळाशी मुरूम ठोकावा, दगडाचा तिसरा हिस्सा जमिनीत ठेवावा, दोरी धरून माथे एका पातळीत आणावेत. आणि पाथरवटाचे नाव एका दगडावर कोरून घ्यावे.