रेघ, कागद आणि भिंत

घर पाहावं बांधून, असं आपल्याकडे म्हणतात. आता विटेला वीट लागायच्या आधीच लोक घर बांधून पाहतात.. संगणकावर. हौशी माणसं रात्रीची जेवणं आटोपली की बसतात, खोल्या आखतात, सोफा इकडचा तिकडे करतात. आणि मग कुठेतरी गाडी अडते. चारही बाजू काढल्या तरी जमीन भरत नाही. भिंतींच्या कोपऱ्यात खाच राहते. बाहेरून आणलेली खुर्ची घरापेक्षा मोठी निघते. घर फिरवून पाहताना छप्पर लुकलुकतं. मग योग्य ते बटण शोधणं सुरू होतं, आणि ते सापडत नाही. कारण बहुतेक वेळा दुखणं बटणाचं नसतंच.

मला विचाराल तर या दुखण्यांचं मूळ त्या त्या सॉफ्टवेअरच्या जन्मकथेत आहे. घर म्हणजे नेमकं काय, या प्रश्नाला प्रत्येकानं जन्मतःच वेगळं उत्तर दिलं. एकाच्या लेखी घर म्हणजे रेघा, दुसऱ्याच्या लेखी भिंती, तिसऱ्याच्या लेखी जाडी नसलेले कागद. आपण ज्याला बिघाड म्हणतो तो पुष्कळदा या उत्तराचाच परिणाम असतो. इतिहास कळला की इलाजही निम्मा कळतो.

सुरुवात 1963 सालची, अमेरिकेतल्या एमआयटीची. इव्हान सदरलँड नावाच्या तरुणानं डॉक्टरेटसाठी 'स्केचपॅड' हा प्रोग्रॅम लिहिला. टीएक्स-2 नावाच्या अवाढव्य संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून त्यात चित्र काढता येई. त्याच्या दोन कल्पना आजही आपल्या घरांत वावरतात. पहिली अशी, की रेघा वेड्यावाकड्या काढा आणि मग 'या दोन समांतर', 'या दोन काटकोनात' असं सांगा. संगणक चित्र तसं बसवून देईल. दुसरी, मूळ आकृती एकच ठेवा आणि तिच्या हव्या तितक्या प्रती वापरा. मूळ बदललं की सगळ्या प्रती आपोआप बदलतात.

दुसऱ्या कल्पनेलाच पुढे ऑटोकॅडमध्ये 'ब्लॉक' आणि स्केचअपमध्ये 'कंपोनंट' हे नाव मिळालं. घराला बारा सारख्या खिडक्या असतील तर एकच नीट करून तिच्या प्रती लावाव्यात. फाइल हलकी राहते आणि चौकटीचा रंग बदलायचा तर एकदाच बदलावा लागतो. 'एक खिडकी बदलली आणि सगळ्या बदलल्या, हे काय झालं?' असं कोणी वैतागून विचारतं, तेव्हा उत्तर 1963 सालचं असतं. ती एक खिडकी आधी बाकीच्यांपासून वेगळी करून घ्यायची आणि मगच बदलायची, इतकंच.

स्केचपॅड प्रयोगशाळेतच राहिला, कारण तसा संगणक घरी कोणाकडे असणार? डिसेंबर 1982 मध्ये जॉन वॉकर आणि सहकाऱ्यांच्या ऑटोडेस्क कंपनीनं ऑटोकॅड बाजारात आणलं, ते मात्र टेबलावरच्या छोट्या संगणकावर चालणारं होतं. ते घर बांधायला निघालंच नव्हतं. त्याला आरेखकाचा ड्रॉइंग बोर्ड संगणकात आणायचा होता. बोर्डावर ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवत, तसे त्यात 'लेअर' आले. बोर्डावर भिंत म्हणजे दोन समांतर रेघा, म्हणून इथेही तेच. या दोन रेघांमध्ये विटा आहेत हे आपल्याला कळतं, ऑटोकॅडच्या रेघेला कळत नाही.

त्याच्या बहुतेक तक्रारी इथूनच येतात. 'खोलीचं क्षेत्रफळ निघत नाही', 'रंग भरत नाही' अशी रड असेल, तर कोपऱ्यात दोन रेघा एकमेकींना टेकलेल्या नसतात. डोळ्याला टेकलेल्या दिसतात, पण दुर्बिणीतून पाहावं तसं जवळ जाऊन पाहा, मध्ये फट असते. हात कितीही स्थिर असला तरी नुसत्या नजरेनं टोकाला टोक जुळत नाही. टोक आपोआप पकडणारी सोय चालू ठेवूनच रेघ काढायची.

दुसरी भानगड आकड्यांची. इथे 900 म्हणजे नुसते 900. ते मिलिमीटर की इंच, हे वापरणाऱ्यानं ठरवायचं. एकानं 900 मिलिमीटरचा दरवाजा काढला आणि दुसऱ्यानं तो इंच समजून उघडला, तर दरवाजा 75 फुटांचा होतो! आपल्याकडे हा घोळ जास्त, कारण मेट्रिक मापांचा कायदा 1956 साली झाला तरी घराची भाषा फूट-इंचांचीच राहिली. नकाशा मीटरमध्ये, गवंडी फुटांत, आणि सुतार तर इंचाचे आठ भाग करून सुतात बोलणार. 1959 च्या आंतरराष्ट्रीय करारानं इंच नेमका 25.4 मिलिमीटरचा ठरला, तो आकडा इथे फार कामाला येतो. बाहेरून आणलेली वस्तू अवाढव्य किंवा मुंगीएवढी दिसली, तर तिचं माप खऱ्या मापाच्या किती पट आहे ते काढा. उत्तर 25.4 आलं तर इंच-मिलिमीटरचा घोळ, 12 आलं तर फूट-इंचाचा, 304.8 आलं तर फूट-मिलिमीटरचा, 39.37 आलं तर मीटर-इंचाचा. रोग कळला की तेवढ्यानंच गुणायचं किंवा भागायचं. अंदाजानं ओढून ताणून बसवू नये.

त्याच 1982 साली लोखंडी पडद्याआडच्या बुडापेस्टमध्ये गॅबोर बोयार यांनी ग्राफिसॉफ्ट ही कंपनी काढली. गंमत अशी, की सुरुवातीचं काम घरांचं नव्हतंच, पाक्श इथल्या अणुवीज प्रकल्पातल्या पाइपांचं त्रिमिती चित्र करण्याचं होतं. कोणता पाइप कोणाच्या आड येतो हे सपाट नकाशात दिसत नाही. तिथे वस्तूच वस्तू म्हणून मांडावी लागते. त्यांचं वास्तुरचनेसाठीचं पहिलं सॉफ्टवेअर 1984 साली अॅपलच्या लिसा संगणकावर आलं, त्याचंच पुढे आर्किकॅड झालं. इथे भिंत म्हणजे दोन रेघा नव्हेत. तिला जाडी आहे, उंची आहे, आणि खिडकी आपल्यात बसते हे तिला ठाऊक आहे. अमेरिकेत 1997 साली सुरू झालेल्या कंपनीनं 2000 मध्ये आणलेल्या रेविटनं याच्या पुढचं पाऊल टाकलं. त्यात सदरलँडची पहिली कल्पना पुरती मुरलेली होती: भिंत मजल्याशी बांधलेली, खिडकी भिंतीशी बांधलेली. 2002 साली ऑटोडेस्कनं ती कंपनी 13 कोटी 30 लाख डॉलरला विकत घेतली.

पण नाती आली की भांडणंही आली! एक भिंत हलवली की 'अटी पाळता येत नाहीत' असा निरोप येतो. माणूस मग ती भिंतच पुन्हा पुन्हा ओढत बसतो. खरं तर आधी कधीतरी एखादं माप कुलूप लावून ठेवलेलं असतं, ते शोधून काढायला हवं. जेवढी नाती गरजेची तेवढीच बांधावीत, हे घराइतकंच इथेही लागू.

घरगुती वापराची सोपी सॉफ्टवेअरं याच भिंतवाल्या घराण्यातली. फ्रान्समध्ये तयार झालेलं, फुकट मिळणारं स्वीट होम थ्रीडी त्यातलंच. तिथे कोपऱ्यात खाच दिसली, की दोन भिंती शेजारी उभ्या आहेत पण जोडलेल्या नाहीत, असं समजावं. जुन्या नकाशाचा फोटो खाली ठेवून त्यावर भिंती काढायच्या असतील, तर प्रमाण ठरवताना सगळ्यांत लांब माप घ्यावं. तीन फुटी दरवाज्यावरून प्रमाण ठरवताना एक इंच चुकला, तर छत्तीस फुटी घरात एक फूट चुकतो. छत्तीस फुटांवर एक इंच चुकला, तर दरवाज्यात सुताचाही फरक पडत नाही.

आता कागदाचं घर. अमेरिकेतल्या बोल्डर गावातून 2000 साली स्केचअप आलं. जमिनीवर चौकोन काढा, धरून वर ओढा, झाली खोली! गूगलनं 2006 साली ते विकत घेऊन एक आवृत्ती फुकट वाटली, म्हणजे लोकांनी गूगल अर्थसाठी इमारती कराव्यात. जगभरच्या हौशी लोकांनी त्या केल्याही. 2012 साली ते ट्रिंबल कंपनीकडे गेलं. स्केचअपला भिंत ठाऊक नाही. त्याला फक्त कडा आणि कडांमध्ये ताणलेला, शून्य जाडीचा पृष्ठभाग ठाऊक आहे. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं उलगडतं.

चारही कडा जुळल्या तरी पृष्ठभाग भरत नसेल, तर एखादं टोक बाकीच्यांच्या पातळीत नाही. आडवा कर्ण काढून पाहा. आता दोन त्रिकोण भरले, तर आकार जुळलेला आहे पण सपाट नाही. एकच भरला, तर उरलेल्या भागाच्या कडांत फट आहे. छप्पर लुकलुकतं, कारण दोन कागद तंतोतंत एकाच जागी आहेत आणि कोणता पुढे दाखवावा हे संगणकाला ठरत नाही. एक काढून टाका. टेबल भिंतीला चिकटून बसलं, तर ते आधी वेगळं 'ग्रुप' करायला हवं होतं, कारण मोकळ्या कडा एकमेकींना चिकटतातच. नळाच्या तोटीसारखे बारीक गोल करताना पृष्ठभागाला भोकं पडतात, कारण साधारण एक हजारांश इंचाच्या आतली दोन टोकं त्याच्या लेखी एकच. वस्तू शंभरपट मोठी करून काम करावं आणि मग लहान करावी. आणि त्याचं वर्तुळ हे खरं तर चोवीस बाजूंचा बहुकोन आहे, हेही विसरू नये.

हे सगळं नुसतं चित्रापुरतं असतं तर एवढं लिहिलं नसतं. पण आयुष्याची पुंजी घालून घर बांधणारा माणूस हल्ली नकाशापेक्षा त्या चित्रावर जास्त विश्वास ठेवतो. कागदाच्या घरात 4 फूट रुंदीची न्हाणी छान ऐसपैस दिसते. जमिनीवर आखणी होते ती भिंतींच्या मध्यरेषेवरून. दोन्हीकडे साडेचार इंची भिंती धरल्या तर उरतात 3 फूट साडेसात इंच. प्लास्टर आणि टाइल्स मिळून दोन्हीकडे इंच इंच गेला, की 3 फूट साडेपाच. साडेसहा इंच कोणी चोरले नाहीत, ते चित्रात मोजलेच नव्हते.

म्हणून ज्या सॉफ्टवेअरमध्ये घर काढाल, त्याला पहिल्याच दिवशी विचारा, बाबा रे, तुझ्या लेखी भिंत म्हणजे काय? आणि शेवटी आतल्या बाजूची मापं, प्लास्टर वजा करून, आकड्यांत कागदावर उतरवा आणि आखणीच्या आधी गवंड्यासमोर ठेवा. त्याच्याकडे दोरी, गुण्या आणि ओळंबा असतो. भिंतीला जाडी असते हे त्याला कधी शिकवावं लागलेलं नाही.